कादंबरीतील धर्मेतिहास : सत्य किती, कल्पित किती?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा पाठ)





धर्माचा इतिहास सामान्य माणसापर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचतो, हा प्रश्न वरकरणी साधा आहे. परंतु त्याचे उत्तर विचार करावयास लावणारे आहे. शिलालेख वाचणारे थोडे, ग्रंथभांडारात बसून हस्तलिखितांचे पाठभेद ताडून पाहणारे त्याहूनही थोडे. बहुसंख्य माणसांच्या मनातील इतिहास कीर्तन-प्रवचनांतून, नाटक-चित्रपटांतून आणि विशेषेकरून कादंबऱ्यांतून घडलेला असतो. तरुणपणी एखादा प्रसंग कादंबरीत वाचलेला असतो आणि पन्नाशी उलटल्यावर तोच माणूस 'इतिहासात असे घडले आहे' म्हणून तो सांगू लागतो. मधल्या काळात कादंबरी विस्मरणात गेलेली असते. प्रसंग तेवढा मनात उरलेला असतो.

यात कादंबरीकाराचा दोष आहे असे सरसकट म्हणता येत नाही. गुजरातेत मशरू नावाचे कापड विणले जाते. त्याच्या दर्शनी बाजूला रेशीम असते आणि अंगाला लागणाऱ्या बाजूला सूत असते. ते कापड सुंदर असते, टिकाऊ असते आणि त्यात कोणतीही फसवणूक नसते. कारण विकणारा ते मशरू म्हणूनच विकतो. ऐतिहासिक कादंबरी हे असेच मिश्र वस्त्र आहे. ताणा इतिहासाचा आणि बाणा कल्पनेचा. दोष उत्पन्न होतो तो त्या कापडावर 'शुद्ध रेशीम' असा शिक्का मारला जातो तेव्हा. मराठीत या बाबतीत एक चांगला दाखला उपलब्ध आहे. रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी' या कादंबरीला नरहर कुरुंदकर यांची विस्तृत आणि चिकित्सक प्रस्तावना जोडलेली आहे. कथा आणि चिकित्सा एकाच बांधणीत वाचकाच्या हाती येतात. असे भाग्य फार थोड्या कादंबऱ्यांच्या वाट्याला येते.

आजच्या विवेचनासाठी उदाहरण घेतले आहे ते हेतुतः परधर्माच्या इतिहासातील. स्वतःच्या श्रद्धेचा विषय निघाला की मन लगेच बाजू घेऊ लागते; दुसऱ्याच्या घरातील हिशेब तपासताना दृष्टी स्थिर राहते. तेथे कसोट्या नीट पारखून घेतल्या, तर त्याच कसोट्या पुढे स्वतःच्या घरात लावण्याचे नैतिक बळ येते.

हे उदाहरण म्हणजे अमेरिकन लेखक डॅन ब्राऊन यांची २००३ मध्ये प्रसिद्ध झालेली 'द दा विंची कोड' ही कादंबरी. जगभर तिच्या कोट्यवधी प्रती खपल्या, अनेक भाषांत अनुवाद झाले, मराठीतही ती आली आणि २००६ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. कथानक थोडक्यात असे : पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील एका अधिकाऱ्याचा खून होतो. मरण्यापूर्वी त्याने सोडलेल्या सांकेतिक खुणांचा माग काढत एक प्राध्यापक आणि त्या अधिकाऱ्याची नात एका महान रहस्यापर्यंत पोहोचतात. ते रहस्य असे की, येशू ख्रिस्ताचा मेरी मॅग्डालीनशी विवाह झाला होता, त्यांचा वंश पुढे चालला, चर्चने ही गोष्ट शतकानुशतके दडपून ठेवली आणि 'प्रायरी ऑफ सायन' नावाच्या गुप्त मंडळाने ती जतन केली. लिओनार्दो दा विंचीने हे रहस्य आपल्या चित्रांत लपवून ठेवले, असेही कादंबरी सांगते.

एवढेच असते तर ती एक उत्कंठावर्धक रहस्यकथा ठरली असती आणि विषय संपला असता. परंतु कथा सुरू होण्यापूर्वी एका स्वतंत्र पानावर 'सत्य' असे शीर्षक देऊन निवेदन छापलेले आहे. ते गुप्त मंडळ खरोखर अस्तित्वात असून त्याची स्थापना १०९९ मध्ये झाली, आणि कादंबरीतील कलाकृती, वास्तू, कागदपत्रे व गुप्त विधी यांची वर्णने अचूक आहेत, असा त्याचा आशय आहे. मशरूवर शुद्ध रेशमाचा शिक्का बसला तो येथे. लक्षावधी वाचकांनी पुढची पाने वाचली ती या एका पानावर विश्वास ठेवून.

हा माल कसा पारखावा? तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अणुव्रतांचे अतिचार सांगितले आहेत. त्यांतील तीन या ठिकाणी मापदंड म्हणून उपयोगी पडतात. सत्याणुव्रताचा एक अतिचार 'कूटलेखक्रिया', म्हणजे खोटा दस्तऐवज तयार करणे. अचौर्याणुव्रताचे दोन : 'हीनाधिकमानोन्मान', म्हणजे मापात कमी-अधिक करणे, आणि 'प्रतिरूपकव्यवहार', म्हणजे खऱ्या मालात त्याच्यासारखा दिसणारा खोटा माल मिसळून विकणे. हे अतिचार श्रावकाच्या व्यवहारासाठी सांगितले आहेत; परंतु ज्ञानाचा व्यवहार हाही व्यवहारच आहे.

प्रथम कूटलेख. 'प्रायरी ऑफ सायन' ही संस्था खरोखर नोंदली गेली होती. मात्र १०९९ मध्ये नव्हे, तर १९५६ मध्ये, फ्रान्सच्या पूर्व सीमेजवळच्या एका गावी, पिएर प्लांतार नावाच्या गृहस्थाने. 'सायन' हे नावही जेरुसलेमच्या पर्वतावरून आलेले नसून जवळच्या एका टेकडीवरून आलेले होते. पुढे १९६० च्या दशकात या मंडळींनी पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात काही कागद जमा केले. त्यांत लिओनार्दो, न्यूटन, व्हिक्टर ह्यूगो अशी थोर नावे मंडळाचे प्रमुख म्हणून लिहिलेली होती. कादंबरीच्या 'सत्य' या पानावर हेच कागद १९७५ मध्ये सापडलेली चर्मपत्रे म्हणून येतात. वस्तुतः ते विसाव्या शतकातील टंकलिखित आणि छापील कागद होते. या प्रकरणाशी जोडलेली जी प्राचीन भासणारी चर्मपत्रे होती, ती आपणच बनवल्याची कबुली प्लांतारचा सहकारी फिलिप द शेरिसे याने नंतर दिली.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जेरुसलेममध्ये बाराव्या शतकात सायन पर्वतावर ख्रिस्ती संन्याशांचा एक मठ खरोखर होता. पुढे तो सिसिलीत हलला आणि सतराव्या शतकात दुसऱ्या संघात विलीन झाला. म्हणजे खोट्या दस्तऐवजाला खऱ्या नावाचा आधार मिळाला. निव्वळ खोटे फार काळ टिकत नाही. सत्याचा एखादा धागा हाती लागला की ते टिकाऊ होते. म्हणूनच 'यात काहीतरी तथ्य असेलच' हा वाचकाचा नेहमीचा युक्तिवाद पुरेसा नाही. तथ्य कोठे संपले आणि दस्त कोठे बनवला गेला, ती सीमारेषा शोधणे हे खरे काम.

दुसरा अतिचार मापांचा. लूव्रच्या प्रांगणातील काचेच्या पिरॅमिडला ६६६ काचा आहेत, असे कादंबरी सांगते. बायबलमध्ये ६६६ हा अशुभ पशूचा अंक मानलेला असल्याने वाचक दचकतो. प्रत्यक्षात १९८९ मध्ये पूर्ण झालेल्या त्या पिरॅमिडला ६७३ काचा आहेत. फरक अवघा ७ काचांचा. परंतु त्या सात काचा हिशेबात धरल्या की गूढ नाहीसे होते.

मापातील दुसरी चूक अधिक गंभीर आहे. युरोपात चेटकीण ठरवून स्त्रियांना जिवंत जाळण्यात आले, ही मानवी इतिहासातील लाजिरवाणी घटना आहे. कादंबरी तीनशे वर्षांतील अशा बळींची संख्या ५० लाख सांगते आणि तिचा सर्व भार चर्चवर टाकते. या विषयाच्या अभ्यासकांचा अंदाज सर्वसाधारणपणे ४० ते ६० हजारांचा आहे. त्यांत काही हिस्सा पुरुषांचाही होता आणि अनेक शिक्षा राजसत्तेच्या न्यायालयांनी ठोठावलेल्या होत्या. येथे कोणी म्हणेल, ५० हजार काय आणि ५० लाख काय, पाप ते पापच. ते खरे आहे. एका निरपराध स्त्रीची हत्याही पुरेशी आहे. आणि म्हणूनच आकडा फुगवण्याची गरज नाही. फुगवलेला आकडा उघडा पडला की अपराधीही निर्दोष असल्याचा आव आणू शकतो. ज्या स्त्रिया खरोखर जाळल्या गेल्या, त्यांच्यावर हा दुसऱ्यांदा झालेला अन्याय ठरतो.

तिसरा अतिचार प्रतिरूपकव्यवहाराचा, आणि तो ओळखण्यास सर्वांत कठीण. कारण तेथे खरे व खोटे एकाच गठ्ठ्यात बांधलेले असते. कादंबरीतील नायसियाच्या धर्मसभेची हकीकत याचा नमुना आहे. रोमन सम्राट कॉन्स्टंटाईन याने इ. स. ३२५ मध्ये नायसिया येथे बिशपांची सभा बोलावली, हे सत्य. त्याने रविवारच्या विश्रांतीचा कायदा केला, हे सत्य. त्याचा बाप्तिस्मा मृत्युशय्येवर झाला, हेही सत्य. परंतु याच गठ्ठ्यात कादंबरीने दोन वस्तू सरकवल्या आहेत. पहिली अशी की, तोपर्यंत अनुयायी येशूला केवळ मर्त्य प्रेषित मानत होते आणि या सभेत निसटत्या बहुमताने त्याला देव ठरवण्यात आले. दुसरी अशी की, बायबलमध्ये कोणती पुस्तके ठेवावी आणि कोणती जाळावी याचा निर्णय कॉन्स्टंटाईनने केला.

नायसियाचा वाद वेगळाच होता. एरियस नावाच्या धर्मगुरूचे मत असे की, पुत्र हा पित्याने निर्माण केलेला आहे. तो अनादी नाही. विरोधी पक्षाचे म्हणणे असे की, पिता आणि पुत्र यांचे तत्त्व एकच आहे. येशूला केवळ सामान्य मनुष्य कोणताच पक्ष म्हणत नव्हता. सभेला सुमारे तीनशे बिशप होते आणि संमत झालेल्या मसुद्यावर सही करण्याचे अखेरपर्यंत नाकारणारे बिशप दोनच होते. याला निसटते बहुमत म्हणता येणार नाही. शिवाय त्यापूर्वी दोनशे वर्षे, इ. स. ११२ च्या सुमारास, प्लिनी नावाच्या रोमन प्रांताधिकाऱ्याने सम्राट ट्राजनला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. ख्रिस्ती लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून त्याची स्तोत्रे गातात, असे त्यात नमूद आहे. प्लिनी स्वतः ख्रिस्ती नव्हता. तो त्यांची चौकशी करून त्यांना शिक्षा देणारा अधिकारी होता. ज्याला काही सिद्ध करावयाचे नाही, किंबहुना जो विरुद्ध पक्षात आहे, त्याची साक्ष इतिहासात मोठ्या मोलाची ठरते.

ग्रंथनिवडीचा प्रश्न नायसियाच्या उपलब्ध ठरावांत आढळत नाही. कॉन्स्टंटाईनने युसेबियस या बिशपाकडे धर्मग्रंथांच्या ५० प्रती मागवल्या होत्या, एवढा धागा खरा आहे. आज ख्रिस्ती लोक नव्या करारातील जी २७ पुस्तके मानतात, त्यांची नेमकी यादी प्रथम आढळते ती अथनेशियस या बिशपाच्या ३६७ मधील पत्रात, म्हणजे कॉन्स्टंटाईनच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी.

आता मेरी मॅग्डालीनकडे वळू. येथे कादंबरीच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. या स्त्रीवर अन्याय झाला, हे म्हणणे खरे आहे. शुभवर्तमानांत ती वेश्या असल्याचा उल्लेख कोठेही नाही. उलट, क्रूसाजवळ उभी राहिलेली आणि रिकामी कबर प्रथम पाहणारी निष्ठावंत शिष्या म्हणून ती दिसते. इ. स. ५९१ च्या सुमारास पोप ग्रेगरी यांनी एका प्रवचनात तिची आणि शुभवर्तमानातील एका निनावी पापी स्त्रीची एकरूपता मानली आणि तेव्हापासून पश्चिमेकडील चर्चमध्ये तो समज रूढ झाला. रोमन कॅथलिक चर्चने १९६९ च्या सुधारित पंचांगात ही गल्लत दूर केली. मूळ चूक एका प्रवचनाची होती. तिच्यामागे वंश लपवण्याचे कारस्थान होते, याला कोणताही पुरावा नाही.

विवाहाचा पुरावा म्हणून कादंबरी 'फिलिपचे शुभवर्तमान' पुढे करते. हा ग्रंथ काल्पनिक नाही. इजिप्तमध्ये नाग हम्मादी येथे १९४५ मध्ये जी प्राचीन पुस्तके सापडली, त्यांत तो आहे. येशू मेरीचे चुंबन घेत असे, असा आशय जेथे येतो, नेमके तेथे पान फाटलेले आहे. चुंबन कोठे, हा शब्द नष्ट झालेला आहे. कादंबरीने ती रिकामी जागा भरून टाकली. पुढे 'सहचारिणी' या शब्दाचा अर॓माईक भाषेत अर्थ पत्नी असा होतो, असेही एक पात्र ठासून सांगते. परंतु तो ग्रंथ अर॓माईक भाषेत नाहीच. तो कॉप्टिक भाषेत आहे आणि तेथे वापरलेला शब्द ग्रीक आहे. हस्तलिखितातील त्रुटित जागा त्रुटितच दाखवावी, हा शिस्तीचा पहिला नियम ग्रंथभांडारात काम करणारा प्रत्येक संपादक पाळतो. कादंबरीकाराला ती जागा भरण्याची मुभा आहे. मात्र भरल्यानंतर ती 'सत्य' म्हणून दाखवण्याची नाही.

लिओनार्दोच्या 'अंतिम भोजन' या चित्राची गोष्टही अशीच आहे. मिलान येथील मठाच्या भोजनगृहाच्या भिंतीवर ते १४९५ ते १४९८ च्या दरम्यान रंगवले गेले. येशूच्या उजव्या हाताला बसलेली कोमल चेहऱ्याची व्यक्ती म्हणजे मेरी मॅग्डालीन, असे कादंबरी म्हणते. परंतु तरुण शिष्य योहान याला दाढी-मिशांशिवाय, कोवळ्या चेहऱ्याचा दाखवण्याची रूढी त्या काळच्या फ्लॉरेन्सच्या चित्रकारांत सर्वत्र होती. शिवाय एक साधा हिशेब आहे : ती व्यक्ती मेरी असेल, तर बारा शिष्यांतील योहान गेला कोठे? चित्रात येशूव्यतिरिक्त बाराच जण आहेत.

एवढ्या विवेचनावरून वाचकासाठी काही कसोट्या हाती येतात. त्या चार प्रश्नांच्या रूपाने मांडता येतील. पहिला : सांगितलेल्या घटनेचा सर्वांत जुना पुरावा घटनेनंतर किती वर्षांनी येतो? दुसरा : ज्याचा त्यात स्वार्थ नाही, असा एखादा साक्षीदार तेच सांगतो का? तिसरा : कागद पुढे आला, तर त्यापूर्वी तो कोणाच्या ताब्यात होता आणि आकडा पुढे आला, तर तो कोणी मोजला? चौथा : कादंबरीत हे विधान कोणाच्या तोंडी आहे? या चौथ्या प्रश्नाचे उत्तर या कादंबरीपुरते मोठे मार्मिक आहे. नायसिया आणि मेरीविषयीचे विस्तृत व्याख्यान बहुतांशी सर ली टीबिंग या विद्वान पात्राच्या तोंडी आहे. आणि अखेरीस हेच पात्र सर्व खुनांमागचा सूत्रधार निघते. ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवू नये असे कथाच शेवटी सांगते, त्याचेच शब्द वाचकांनी इतिहास म्हणून स्वीकारले.

या पात्राच्या नावामागेही एक हकीकत आहे. मायकेल बेजंट आणि रिचर्ड ली यांनी आणखी एका लेखकाबरोबर १९८२ मध्ये 'द होली ब्लड अँड द होली ग्रेल' हे पुस्तक लिहिले होते. येशूच्या वंशाची कल्पना त्यात इतिहास-संशोधन म्हणून मांडलेली होती. कादंबरीत आपल्या पुस्तकाचा गाभाच उचलला आहे, असा दावा या दोघांनी लंडनच्या न्यायालयात लावला. एप्रिल २००६ मध्ये तो फेटाळला गेला. या दाव्यातील विसंगती कोणाच्याही ध्यानात येईल. जे घडले ते इतिहास म्हणून सांगितले, तर त्यावर कोणाची मालकी नसते. मालकी असते ती आपण रचलेल्या गोष्टीवर.

अशा कादंबरीमुळे श्रद्धावंतांचे मन दुखावते तेव्हा काय करावे, हा प्रश्न उरतो. भारतात २००६ मध्ये चित्रपट आला, तेव्हा ख्रिस्ती संघटनांनी तीव्र विरोध केला. सेन्सॉर मंडळाने प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र देऊन, ही कथा काल्पनिक असल्याचे निवेदन जोडण्यास सांगितले. तरीही नागालँड, पंजाब, गोवा, तामिळनाडू, आंध्र प्रदेश आदी राज्यांनी बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने बंदीची मागणी करणारी याचिका जून २००६ मध्ये फेटाळली. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने त्या राज्याची बंदी रद्द केली. दुखावलेल्यांची वेदना खरी होती. ज्यांच्या उपास्य दैवताविषयी 'सत्य' असा शिक्का मारून कल्पित सांगितले गेले, त्यांना 'अहो, कादंबरीच तर आहे' असे म्हणून वाटेला लावणे योग्य नव्हे. तथापि बंदीने खोट्याचे खंडन होत नाही. त्याला उलट दडपलेल्या सत्याचे तेज चढते, आणि या कादंबरीचा तर विषयच दडपलेले सत्य हा होता.

पॅरिसमधील सेंट-सुल्पिस या चर्चने दुसरा मार्ग अवलंबिला. तेथील जमिनीत पितळेची एक रेषा बसवलेली आहे. कादंबरीने तिला प्राचीन मूर्तिपूजक मंदिराचा अवशेष ठरवले आणि वाचकांच्या झुंडी ती पाहण्यास येऊ लागल्या. चर्चने कोणाला हुसकावले नाही. एक पाटी लावली. ही रेषा अठराव्या शतकातील खगोलशास्त्रीय साधनाचा भाग आहे, येथे पूर्वी कोणतेही मूर्तिपूजक मंदिर नव्हते आणि खिडक्यांवरील दोन अक्षरे पीटर व सुल्पिस या संतांच्या नावांची आहेत, असे तिच्यावर सांगितलेले होते. कादंबरीने आणलेला माणूस खरी माहिती घेऊन परत गेला. यापेक्षा चांगले खंडन कोणते?

आता स्वतःच्या घराकडे. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' नाटकात जीवसिद्धी नावाचा क्षपणक येतो आणि तो चाणक्याचा हेर असतो. यावरून मौर्यकाळातील मुनी हेरगिरी करत होते, असा निष्कर्ष कोणी काढू लागला, तर जैन वाचक त्यास आक्षेप घेईल आणि तो आक्षेप रास्त असेल. परंतु तीच कसोटी प्रिय वाटणाऱ्या कथेलाही लावावी लागेल. सम्राट चंद्रगुप्ताने आचार्य भद्रबाहूंसह दक्षिणेत येऊन श्रवणबेळगोळ येथे सल्लेखना घेतली, ही परंपरा पूज्य आहे. चंद्रगुप्ताचा काळ इसवी सनापूर्वी तीनशेच्या आसपासचा. भद्रबाहूंनी सांगितलेला दुष्काळ आणि संघाचे दक्षिणेकडे प्रयाण यांचा उल्लेख करणारा तेथील प्रसिद्ध शिलालेख सुमारे इ. स. ६०० चा, आणि हरिषेणाचा 'बृहत्कथाकोश' ९३१ चा. हेमचंद्राचार्यांच्या 'परिशिष्टपर्वा'त मात्र भद्रबाहू नेपाळात ध्यानस्थ होते, असे येते. म्हणजे पुरावा घटनेनंतर कित्येक शतकांनी येतो आणि दिगंबर व श्वेतांबर परंपरा परस्परांहून भिन्न बोलतात. यामुळे परंपरा असत्य ठरत नाही. तिचे स्थान निश्चित होते. 'परंपरा असे सांगते' आणि 'शिलालेखात असे आहे' ही दोन वाक्ये वेगवेगळी ठेवणे, एवढीच अपेक्षा आहे. कादंबरीकार या प्रसंगातील संवाद, अश्रू आणि निरोप रंगवील तेव्हा वाचकाने ते आनंदाने वाचावे. उद्या प्रवचनात मात्र ते इतिहास म्हणून उद्धृत करू नये.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अनेकान्ताच्या नावाखाली 'त्याचेही खरे, ह्याचेही खरे' असे म्हणण्याची सोयीस्कर सवय काही ठिकाणी दिसते. अनेकान्त प्रत्येक विधान कोणत्या अपेक्षेने खरे आहे, ते स्पष्ट करण्यास सांगतो. कथेच्या अपेक्षेने टीबिंगचे व्याख्यान सुसंगत आहे. इतिहासाच्या अपेक्षेने ते टिकत नाही. काचा ६७३ असतील, तर त्या कोणत्याही नयाने ६६६ होत नाहीत.

शेवटी एक नम्र सूचना. हे भाषण ज्या स्मरणिकेत छापले जाईल, ती स्मरणिका हाही एक ऐतिहासिक दस्तऐवजच आहे. आणखी पन्नास वर्षांनी शताब्दीच्या वेळी कोणी तरुण कार्यकर्ता ती उघडील आणि तिच्यातील प्रत्येक वाक्य प्रमाण मानील. तेव्हा या स्मरणिकेत पायाभरणीची तारीख, देणग्यांचे आकडे आणि संस्थापकांची कार्ये जेथे इतिवृत्ताच्या वहीतून घेतली आहेत, तेथे तसे लिहावे; जेथे ज्येष्ठांच्या स्मरणातून घेतली आहेत, तेथे तसे लिहावे; आणि जेथे वहीचे पान गहाळ आहे, तेथे ती जागा रिकामी ठेवावी. दुसऱ्याच्या धर्माविषयी कादंबरीकाराकडून जी अपेक्षा धरावयाची, ती प्रथम स्वतःच्या न्यासाच्या कागदांत पाळलेली असावी. न्यासाच्या वाचनालयातही कादंबऱ्या अवश्य असाव्यात. परंतु धर्मेतिहासावरील प्रत्येक लोकप्रिय कादंबरीशेजारी त्याच विषयावरचा एखादा चिकित्सक ग्रंथ त्याच फळीवर ठेवण्याची प्रथा या सुवर्णमहोत्सवी वर्षापासून सुरू करावी. खर्च थोडा आहे आणि त्याचा लाभ पुढच्या पिढीस होणार आहे.